दुमडून कापलेली शेळी

वाळूजच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं गाड्यांच्या सीटची कव्हरं कापली. त्या कामाचा धर्म एकच, डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी. कागद मधोमध दुमडायचा, अर्धाच आकार काढायचा, कापायचा, उलगडायचा. चूक व्हायला जागाच नाही. नोकरी सुटली तरी ही सवय सुटली नाही. तिच्या आडून मी घरात काय केलं, ते आज लिहून टाकतो. तोंडानं बोलणं मला कधी जमलं नाही.

नोकरीनंतर पडेगावच्या घरी आम्ही नवरा-बायको कापडी खेळणी करू लागलो. चित्रं तिची. समोरच्या माळावर चरणाऱ्या शेळ्या, कुंपणावरचा सरडा, शेजारच्यांचा आळशी बोका. मी त्या चित्रावरून कागदी साचा काढायचो, मांजरपाट कापायचो, मशीन मारायचो. कापूस भरणं आणि डोळे-तोंड दोऱ्यानं भरणं पुन्हा तिच्याकडं.

एका सकाळी चहा पिताना तिच्या ओठाच्या कडेनं चहा ओघळला. तिला कळलंच नाही. चेहऱ्याचा लकवा. औषधं, मालिश, सगळं झालं. बरंच सुधारलं, पण डावा डोळा जरा मिटलेलाच राहिला आणि ओठाची ती बाजू खाली ओढलेली.

त्यानंतर तिनं काढलेल्या शेळीचा एक डोळा अर्धा मिटलेला होता, तोंड एका बाजूला गेलेलं. मला वाटलं, हात बिघडला हिचा. आता सांगायचं कसं? मग मी न सांगताच दुरुस्त केलं. नाकाच्या रेषेवर कागद दुमडला, चांगली बाजू तेवढी घेतली आणि कापली. डोळ्यांसाठी खडूच्या दोन सारख्या खुणा करून शेळी तिच्या हातात दिली. तिची सुई थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग त्या खुणांवर दोऱ्यानं डोळे भरले. तिला पटलं असावं, असं मी धरून चाललो. विचारलं नाही, कारण विचारायचंच नव्हतं.

दिवाळीआधी औरंगपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. मी म्हणालो, "तू घरीच थांब. गर्दीत त्रास होईल तुला."

"कसला त्रास?"

"धूळ असती लई."

ती थांबली.

प्रत्येक खेळण्यामागं त्याचं मूळ चित्र टांगायचं, ही आमची पद्धत. नऊवारीतल्या एक आजी टेबलापुढं उभ्या राहिल्या. शेळी बघितली, चित्र बघितलं, पुन्हा शेळी बघितली.

"भाऊ, चित्रातली लई चावट हाय हो. डोळा मारती बघा. अन् ही कोण, तिची सासू व्हय?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

"मला चित्रातली द्या."

"ती नाही केली, आजी."

"का बरं? काढली कुणी?"

"घरातल्यांनी."

"कुठं हायत त्या? त्यांनाच सांगते."

"आजारी आहेत," मी म्हणालो. त्या वेळी ती घरी निवांत पापड तळून वरण-भात जेवत असणार, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी आलो आणि आजींची गंमत तिला रंगवून सांगितली. ती कापूस पिंजत होती. सासूवर हसली. मग म्हणाली, "मी कुठं आहे असं नाही विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"काय सांगितलं?"

मी पिशवीतली उरलेली खेळणी बाहेर काढायला लागलो.

"ते चित्र मी आरशात बघून काढलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, माझं तोंड शेळीला तरी शोभतंय का बघावं. तुम्ही शेळीला दुमडलंत. मला कुठनं दुमडणार?"

आवाज चढवला नाही तिनं. स्टुलावर चढून पेन्सिलींचा डबा कपाटावर ठेवला आणि चित्रं काढणं थांबवलं. कापूस भरायची, डोळे भरायची, माझ्याशी भाजीपाल्याचं बोलायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी जुन्याच चित्रांवर काम ओढत राहिलो. हिचा हात कायमचा थांबला तर तो लकव्यानं नव्हे, माझ्यामुळं, हे रोज मशीनवर बसताना कळायचं.

शेवटी एका दुपारी त्याच शेळीचं चित्र पुढं घेतलं. कागद दुमडला नाही. दोन्ही गाल वेगळे काढले. डावा गाल बोटभर लांब निघाला, जोडताना गळ्याशी कापडाला चुण्या पडल्या. तीनदा उसवलं. चुण्या मुरवत मुरवत शिवण बसली तेव्हा उन्हं कलली होती.

शेळी तिच्यापुढं ठेवली आणि म्हणालो, "मला लाज वाटत होती. तुझ्या तोंडाची. धूळबीळ काही नव्हतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "एवढं म्हणायला उन्हाळा उजाडला तुम्हाला."

"या खेपेला प्रदर्शनाला येशील?"

तिनं शेळी वर धरली, उजेडात फिरवली. मी खडूनं केलेली डाव्या डोळ्याची खूण तिनं अंगठ्यानं पुसली.

"एवढा उघडा नाही राहत माझा," ती म्हणाली. "तो पेन्सिलींचा डबा काढा वरून. माझा हात पोचत नाही."