रेषेच्या मागचा ठोका

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, रोज सोबत चहा पिणाऱ्या दोस्तांना तर नाहीच. तुला सांगतोय — पण ऐकून "जाऊ दे रे" म्हणू नकोस. तसलं बोलणारी माणसं मला चालत नाहीत.

मी ढोकी गावात लॅपटॉपवर गाणी करतो. वरातीची, जत्रेची, डीजेवाल्यांना लागतील ती. आमच्या गल्लीतले शंकरनाना हलगी वाजवायचे. सत्तरी गाठलेला माणूस. सोनारीच्या जत्रेत माझं गाणं दणदणत होतं अन् पलीकडं नानांनी हलगी तापवून नुसते चार ठोके दिले — सगळी पोरं तिकडं पळाली. माझ्या स्पीकरपुढं उरलं कोण? एक कुत्रं! वर नाना हसत म्हणाले, "तुझ्या डब्याला आवाज लई हाय बाबा, पर जीव न्हाय."

चारचौघांत! लई झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच.

मग मी काय केलं — नानांना गोड बोलून घरी आणलं. म्हटलं, तुमची हलगी कंप्युटरात जपून ठेवतो. त्यांच्या कानाला हेडफोन लावला, त्यात तालाची टिकटिक. ते वाजवत होते, मी पडद्यावर बघत होतो. तिथं तालाच्या उभ्या रेषा असतात. नानांचा प्रत्येक ठोका रेषेच्या मागं पडत होता. केसभर उशिरा, इतकंच. अन् मला — नीट ऐक — मला तेव्हाच कळलं, की पोरांचे पाय उचलतात ते ह्याच्यामुळंच. चूक कसली? तीच तर त्यांची करामत होती.

अन् मी काय म्हणालो?

"नाना, हे बघा. तुमचा ठोका चुकतोय. कंप्युटर खोटं बोलत न्हाय."

नाना वाकून बराच वेळ त्या रेषा बघत राहिले. शिव्या देतील म्हणून मी हरामखोर वाटच बघत होतो. पण त्यांनी हळूच विचारलं, "म्या कवापासनं चुकतोय रं?"

तिथं थांबता आलं असतं ना? मी म्हणालो, "लई वर्षांपासनं, नाना. लोक तोंडावर बोलत न्हाईत."

त्या दिवसापासून नानांनी हलगीला हात लावला नाही. जत्रेला बोलवायला आलेल्यांना म्हणाले, हात गेला आता.

अन् ते रेकॉर्डिंग? पुसलं नाही मी. एकही ठोका न सरकवता, जसंच्या तसं माझ्या गाण्यात घातलं. माझ्या नावानं. गाणं लई चाललं. लोक म्हणतात, आता कुठं तुझ्या गाण्यात जीव आलाय.

परवा गल्लीतल्या वरातीत तेच वाजत होतं. नाना ओट्यावर बसून ऐकत होते. ठेका धरायला मांडीवरचं बोट उचललं होतं — अन् तसंच थांबलं होतं. मला बघून म्हणाले, "ही हलगी बघ कशी बरोबर पडतीया. कंप्युटरची हाय व्हय?"

मी म्हणालो, "व्हय."