बेटावर नेलेला अबोला

शेजाऱ्यांचे किस्से जमवावे लागत नाहीत. कंपाउंडच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ कोपर टेकवून उभं राहिलं की ते आपोआप साचतात, टाकीच्या तळाशी गाळ साचावा तसे. आमच्या राजापेठेतल्या गल्लीत माझं कोपर सगळ्यात जुनं, म्हणून साठाही माझ्याकडंच जास्त. बाया विचारतात, "मंगलाताई, तुमाले कसं समजते हो सारं?" अरे बापा, देवानं कान कायले दिले?

त्यातले हे काही किस्से आमच्या शेजारच्या वानखडे नवरा-बायकोचे. फक्त राजापेठेतले नाहीत. पार ग्रीस देशातल्या एका बेटावरचे!

*

दादाराव वानखडेंची अंजनगाव सुर्जीकडं संत्र्याची बाग आहे. घर मात्र आमच्या भिंतीला लागून. त्यांच्या बायकोचं, कुसुमवैनींचं, माहेर पातूरचं. तिथं त्यांचा भाऊ भाजीपाला पिकवतो.

मागच्या वर्षी या भावाच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं. दादाराव त्या घरचे थोरले जवाई. मांडवात साऱ्या पाहुण्यांना मानाचा टोपी-दुपट्टा देऊन झाला आणि गडबडीत नेमके थोरले जवाईच राहून गेले. दादाराव पंगतीतल्या भरल्या ताटावरून उठले आणि सरळ गाडीत येऊन बसले.

त्या दिवसापासून वैनींनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

आता एका घरात राहायचं म्हणजे बोलणं तर लागतंच. ती सोय मी केली. दादाराव भिंतीपाशी येऊन मला म्हणायचे, "वैनी, सांगा तिले, वरनात मीठ जास्त हाये."

कुसुमवैनी त्यांच्यापासून दोन हातांवर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. मान वर न करता त्या म्हणायच्या, "ताई, सांगा त्याइले, मीठ मापातच हाये. तोंड खारट हाये."

मी इकडून तिकडं सांगायची. वर्षभर!

मग त्याच भावाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. दादारावांनी सांगून टाकलं, "मी त्या दारात पाय ठेवत नाई." वैनी म्हणाल्या, "सांगा त्याइले, मी एकटी जाईन. अन् एकटी गेली तं वापस येनार नाई."

हा निरोप मात्र मी पोचवला नाही. गरजच नव्हती, दादारावांच्या चेहऱ्यावरूनच तो पोचल्याचं दिसलं. ते आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांचा मुलगा महेश जर्मनीत नोकरी करतो. त्याच्या कानावर हे गेलं. कोणी घातलं ते विचारू नका. त्याचं म्हणणं पडलं की समुद्राकाठी आठ दिवस निवांत बसले तर दोघं आपोआप बोलू लागतील. त्यानं आई-बापाची तिकिटं काढली. सोबत माझी आणि आमच्या मिस्टरांचीही काढली.

मिस्टर फोनवर म्हणाले, "अरे, तुह्या मायबापाच्या मधात आमी कायले?"

महेश म्हणाला, "काका, काकू नाई आल्या तं तिथं याइचं बोलनं कसं होईन?"

*

बेटाचं नाव आमच्या कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. आम्ही आपलं 'बेट' म्हणायचो. पांढरी घरं, निळी दारं आणि घाई कोणालाच नाही. महेशनं आम्हाला हॉटेलात सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर परत गेला. हॉटेल लहानसंच, मारिया नावाच्या एका म्हातारीचं. तिला आम्ही पहिल्याच दिवसापासून मारियाआजी म्हणायला लागलो. तिला चालत होतं.

खोलीत पोचल्याबरोबर कुसुमवैनींनी एकच प्रश्न विचारला, "नळ किती वाजता येतात?"

मिस्टर म्हणाले, "अहो वैनी, इथं चोवीस तास पाणी."

वैनींनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू म्हणायचं होतं, अशा बाता आम्ही प्रत्येक निवडणुकीत ऐकतो! त्यांनी बाथरूममधला टब घासला, काठोकाठ भरला आणि वर टॉवेल झाकला.

सकाळी साफसफाईची बाई आली. टब भरलेला पाहून तिनं पाणी सोडून दिलं. वैनींनी परत भरला. दुसऱ्या दिवशी तिनं परत सोडला, यांनी परत भरला. दोघींचं एकमेकींशी काही भांडण नव्हतं. दोघी आपापलं काम चोख करत होत्या.

चौथ्या दिवशी बाईनं हात टेकले. टब तसाच राहू दिला. आणि नेमकी त्याच दुपारी मोटर जळाली. अख्ख्या हॉटेलात टिपूसभर पाणी नाही! अंगाला साबण लावलेला एक लांबलचक फ्रेंच माणूस टॉवेल गुंडाळून जिन्यात उभा.

वैनींनी दार उघडलं, हातात मग घेतला आणि म्हणाल्या, "ताई, सांगा साऱ्याइले. लाईन लावा, ढकलाढकली करू नका."

*

तिथले लोक दिवसभर वाळूत उन्हात पडून राहतात. मुद्दाम. दादारावांना हे काही केल्या पटेना. ते स्वतः फुलपँट, फुलशर्ट आणि डोक्याला दुपट्टा बांधून छत्रीखाली बसायचे.

शेजारी एक गोरा माणूस पडला होता. दुपारपर्यंत तो पिकल्या मिरचीसारखा लाल झाला. दादाराव म्हणाले, "अकोल्याच्या मे महिन्यात हा असा लोळला असता तं संध्याकाळी सलाईन लागलं असतं."

आता उन्हाचा उपाय आपल्याकडं लहान पोरालाही माहीत. खिशात कांदा ठेवायचा. दादाराव हॉटेलच्या स्वयंपाकघरातून कांदा घेऊन आले. पण या माणसाला खिसाच नव्हता! अंगावर एक चड्डी, तीही वितभर. शेवटी दादारावांनी कांदा त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं मिटवली.

माणूस भला निघाला. छातीवर हात ठेवून त्यानं आभार मानले आणि उठून गेला. थोड्या वेळानं बशी घेऊन परत आला. बशीत काकडी, टमाटे, चीजचे तुकडे आणि वर आमचा कांदा, बारीक चिरून. अर्धी बशी त्यानं दादारावांपुढं धरली.

दादाराव माझ्याकडं वळले. "वैनी, सांगा तिले! यानं औषधच खाल्लं!"

कुसुमवैनींनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. पण हसणं बोलण्यात धरत नाहीत, म्हणून ते मोजलं नाही.

*

एका खानावळीत आम्ही जेवण सांगितलं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. वेटर दारातल्या खुर्चीत बसून मांजराच्या पाठीवरून हात फिरवत होता. मिस्टरांनी इंग्रजीत विचारलं. तो हसून म्हणाला, "सिगा, सिगा." म्हणजे, हळूहळू.

दादाराव खूश झाले. "याले विचारा बरं, आपल्याइकडे कोन्या कचेरीत होता का?"

*

समुद्र कुसुमवैनींनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. दोन दिवस लांबूनच पाहिला. तिसऱ्या दिवशी साडी पोटऱ्यांपर्यंत खोचली आणि चालू लागल्या.

दादाराव काठावर उभे राहिले. तिथून ओरडले, "वैनी, सांगा तिले, पुढं जाऊ नको म्हना!"

मी घोट्याभर पाण्यात गेले, सांगितलं.

वैनी म्हणाल्या, "सांगा त्याइले, मी काही लहान पोरगी नाई."

मी काठावर येऊन सांगितलं. दादाराव म्हणाले, "सांगा, तिले पोहता येत नाई." मी परत गेले, गुडघाभर पाण्यात. वैनी म्हणाल्या, "त्याइले तरी कुठं येते?" मी परत आले. असं चाललं होतं. वैनी जागच्या जागी उभ्या, दादाराव जागच्या जागी उभे आणि मधात मी!

पाचव्या की सहाव्या फेरीला मागून लाट आली आणि माझा पाय घसरला.

वैनींची साडी गुडघ्याच्या वर भिजली नाही. दादारावांच्या चपलेलाही पाणी लागलं नाही. समुद्रस्नान झालं ते फक्त माझं, चष्म्यासकट!

*

मारियाआजी हे सारं हॉटेलच्या ओट्यावर बसून रोज पाहायची. पाहुण्यांशी बोलून बोलून तिला कामापुरती इंग्रजी येत होती आणि आमचे मिस्टर बँकेत होते, त्यांनाही तेवढीच येत होती. दोघांचं चांगलं जमलं.

एका सकाळी चहा पिता पिता तिनं मिस्टरांना विचारलं, "तुमच्या बायकोला किती भाषा येतात?"

मिस्टर म्हणाले, "मराठी, हिंदी आणि आमची वऱ्हाडी."

आजीनं मान हलवली. जरा वेळानं दादाराव आणि वैनींकडं बोट दाखवून म्हणाली, "या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मग त्यांचं लग्न झालं तरी कसं?"

मिस्टरांनी कप खाली ठेवला. "लग्न झालं तेव्हा येत होती," ते म्हणाले.

*

आता शेवटचा. निघायच्या आदल्या दिवशीचा.

मारियाआजीच्या नातीचं लग्न होतं. तिकडं लग्न म्हणजे अख्खं गाव येतं, हॉटेलातले पाहुणेही. भर दुपारी चौकात टेबलं मांडली होती. वैनींनी जरीची साडी काढली. दादारावांनी पांढरा शर्ट घातला. पण सकाळपासून त्यांचा चेहरा उतरलेला होता. घरी परतलं की पंधरा दिवसांवर पातूरचं लग्न आणि आठ दिवस संपले तरी निरोप माझ्याच तोंडून चाललेले. महेशचा रोज फोन यायचा, "काकू, काही फरक?" मी म्हणायची, "हवा चांगली हाये."

लग्न लागलं, गाणी झाली, लोक जेवायला बसले. दादाराव इकडंतिकडं पाहत होते. थोड्या वेळानं अस्वस्थ होऊन म्हणाले, "वैनी, हे कसं लगन हो? कोनी कोनाले आग्रहच करून नाई राह्यलं! लोकं उपाशी उठतीन न!"

खरंच होतं. जेवणं टेबलावर ठेवलेली, ज्यानं त्यानं घ्यावं. मारियाआजीचा जवाई एकटाच गोडाचं तबक घेऊन फिरत होता. नवरीचा बाप तो. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. तबकात तिळाच्या वड्या, आपल्यासारख्याच, फक्त गुळाच्या जागी मध. एकेक वडी लिंबाच्या पानावर ठेवलेली. तो तबक पुढं करायचा, कोणी मान हलवली की पुढं जायचा.

दादारावांना ते बघवेना. ते उठले, त्याच्या हातातून तबक घेतलं आणि त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

मग जे वाढणं सुरू झालं! "घ्या, घ्या. एकानं काय होते? अजी, लगन रोज रोज होते का?" वऱ्हाडीतून. त्या लोकांना एक शब्द समजत नव्हता, पण नाही म्हणायची कोणाची हिंमत होईना. एका म्हाताऱ्यानं ताटावर हात आडवा धरला, तर दादारावांनी बोटांच्या फटीतून वडी सोडली. टेबलं हसायला लागली. नवरीनं टाळ्या वाजवल्या. ज्यांचं खाऊन झालं होतं ते परत बसले.

असं करत करत ते आमच्या टेबलाशी आले. मिस्टरांना दोन वाढल्या, मला दोन वाढल्या. आणि कुसुमवैनींच्या ताटापुढं थांबले.

वैनींनी ताटावर हात ठेवला. पूर्ण, पाचही बोटं पसरून.

पंगतीत वाढणारा असा सोडून पुढं जात नाही. दादाराव हलले नाहीत. मागची माणसं माना वळवून पाहायला लागली.

वैनी माझ्याकडं वळल्या. "ताई, सांगा त्याइले. माह्या भावाच्या पंगतीतून भरलं ताट सोडून उठले होते ते. भाऊ रडत होता गाडीमागं, दिसला नाई त्याइले. अन् इथं, ज्याइचं नाव-गाव माहीत नाई, त्याइच्या पंगतीत घाम गाळून वाढून राह्यले."

मी दादारावांकडं तोंड केलं. "भाऊजी, वैनी म्हणतात..."

"ऐकलं मी," दादाराव म्हणाले.

मी गप्प बसले. तशी सवय नाही मला.

दादारावांनी माझ्या डोक्यावरून सरळ पलीकडं पाहिलं.

"कुसुम," ते म्हणाले, "हात काढ. पातूरले बी मीच वाढीन. पहिल्या पंगतीपासून."

वैनींनी त्यांच्याकडं पाहिलं. मग तबकाकडं पाहिलं. मग परत त्यांच्याकडं.

हात काही त्यांनी काढला नाही. दोन बोटं बाजूला केली. एक वडी जाईल एवढीच.