कापलेलं नमन

कोलशेतच्या कोळ्यांनी आपल्या गावाचं महानाट्य करायचं ठरवलं आणि पद्यं लिहायला मला बोलावलं. मी ठाण्यात शाळेत मराठी शिकवतो, दोन कवितासंग्रह नावावर आहेत. लग्नाच्या प्रवेशासाठी जोडीला गावातली धवलारीण दिली. लग्नात विधी सांगत गाणी म्हणणारी ही बाई सत्तरीची. मी तिला मावशी म्हणायचो.

मांडवाशिवाय ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणेना. शेवटी तिच्या ओट्यावर चार बांबू उभे केले, वर आंब्याचे डहाळे टाकले, तेव्हा कुठे बसली. तीन रविवार सुक्या बोंबलांच्या वासात आम्ही लिहीत होतो. इतक्या सुखात मी कधीच लिहिलेलं नाही. माझी ओळ ती तोंडात घोळवून बघायची आणि म्हणायची, "मास्तर, ही नवरी हाय का परीक्षेला बसलीय?"

धवल्याच्या आधी ती दरवेळी आपल्या आईला नमन करायची. गाणी आईकडून आलेली ना. मी ते नमन संहितेतून कापलं. वेळ वाचतो, असं दिग्दर्शकाला सांगितलं. खरं म्हणजे नमन राहिलं असतं तर ओळी कुणाच्या, ते लोकांना कळलं असतं.

'खारीचं पानी आयलं गो दारी, पाय धुवून घे नवरी' या तिच्या धवल्यातल्या ओळीला प्रत्येक प्रयोगात टाळ्या पडल्या. पत्रकावर कवी म्हणून माझं एकट्याचं नाव. कुणी विचारलं की मी म्हणायचो, सुचली. सहा वर्षं हेच म्हणत आलो.

यंदा नाटक पुन्हा बसवायला घेतलं. तालमीआधी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती कोलंबी सोलत होती, सोलतच राहिली.

"मना ठावं हाय. पयल्याच प्रयोगाला कळलं. तुला किती दिस लागतात, ते बघत होते."

"रागावलीस, मावशी?"

"माज्यासाठी नाय रं. आयसचं नाव न घेता तिचं गाणं चालवलंस, त्याचा राग."

नव्या पत्रकावर काय छापायचं, मी विचारलं.

"पयलं आयसचं, मंग माजं. तू शेवटी."

तसंच छापायला दिलं. त्या दिवशी तालमीत नमन मीच म्हटलं. सूर घसरला. मागून तिचा आवाज आला, "मास्तर, परत."

मी परत म्हटलं.