भावाची गाठ, भाचीचं रक्त

बारक्या,

तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. सहा वर्षांनी मोठी आहे मी तुझ्यापेक्षा, निदान तेवढ्यासाठी तरी शेवटपर्यंत वाच.

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात तुझी चाळीस वर्षं गेली. जिन्याखालची ती खोली, तेलाचा वास, खिळ्यांना टांगलेले पट्टे. मशीन आवाजावरून ओळखायचास. गिऱ्हाईक बाईने तोंड उघडायच्या आत म्हणायचास, "मावशी, बॉबिन उलटी बसवलीत." आणि मशीनचं डोकं उचलायचास ते तान्ह्या पोरासारखं, उजव्या छातीशी धरून. त्यामुळे तिथे गाठ हाताला लागली तेव्हा तू निवांत.

"मशीनचा मार आहे, ताई. जुनाच."

वर्षभर मलम चोळलंस. बनियनवर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा तुझ्या बायकोने तुला ओढत दवाखान्यात नेलं. छातीचा कॅन्सर निघाला.

"लोक हसतील गं," तू म्हणालास. "बायकांचा आजार."

"हसू देत. तुला काय छाती नाही?" मी म्हणाले.

ऑपरेशन झालं, टाके सुकले. मग त्या दुसऱ्या, आनुवंशिक आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर आपलं घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आईकडची माणसं आपण धडाधड सांगितली, सगळी नव्वदीच्या घरातली.

"आणि वडिलांकडची?"

"वडिलांकडून कसा येईल?" तू म्हणालास आणि मी, चांगली बी.एस्सी. झालेली बाई, मान डोलावली. आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. दोन आत्या पन्नाशीच्या आत गेल्या. एकीला छातीचा कॅन्सर, दुसरीला "पोटाचं दुखणं", म्हणजे अंडाशयाचा. वडील शेवटपर्यंत ठणठणीत, म्हणून त्यांच्या बाजूला कोणी बघितलंच नाही.

तुझ्या रक्ताच्या तपासणीत एका जनुकातला बदल सापडला, पिढ्यांमधून उतरणारा. बाईंनी दोनदा समजावलं: बाप देऊ शकतो, आईही देऊ शकते. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मिळाला म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, पण बाईला छातीचा आणि अंडाशयाचा धोका बराच वाढतो, पुरुषाला छातीचा आणि प्रोस्टेटचा. आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं. माझी तपासणी झाली, माझ्यात नाही. त्या दिवशी तुझ्याकडे बघवेना.

"लेकीला सांगा," बाई म्हणाल्या.

तुझी एकुलती एक, चौतीस वर्षांची, तीन तासांवर राहणारी. तीन महिने तू विषय टाळलास. मग "फोनवर नको," तू म्हणालास. "समोर बसून सांगू. तू चल बरोबर. रविवारी जाऊ."

पहिल्या रविवारी तुला अर्जंट मशीन आलं. दुसऱ्या रविवारी पाठ धरली. तिसऱ्या रविवारी मी चपला घालून तुझ्या दारात उभी, आणि तू म्हणालास, "ती आत्ता कुठे सुखात आहे गं. पुढच्या महिन्यात बघू."

"आणि तिला गाठ आली म्हणजे? मलम पाठवणार आहेस?"

तू आत जाऊन दार लावून घेतलंस. मी घरी आले. पाणीसुद्धा न पिता तिला फोन लावला. हो, तुला न विचारता. चार वाक्यांत सगळं सांगितलं. मला गोड बोलता येत नाही, ते तुला माहीत आहे.

ती म्हणाली, "आत्या, बाबांना हे कधी कळलं?"

"चार महिने झाले."

"चार महिने?"

तुझी बाजू घेतली. घाबरला होता, एवढंच म्हणाले.

तपासणीसाठी रक्त द्यायला जाशील तेव्हा आम्ही दोघं येतो, असं मी तिला सांगून टाकलं. तुझ्या वतीनेही. तू फोन उचलत नव्हतास, म्हणून दुकानात आले. तू मशीनवर वाकलेला होतास. वर बघितलं नाहीस. "गुरुवारी सकाळची गाडी आहे," मी म्हणाले. तू स्क्रू पिळत राहिलास.

रिपोर्टला अजून दोन आठवडे आहेत. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते, मग दूधवाला असला तरी. तुझंही तेच होत असणार.

गाडीच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, तिचा मेसेज आला होता: आत्या, येऊ नका, मी आजच रक्त देऊन आले, एकटीच.