वरच्या झोपडीपर्यंत

कैलाश बांतेला बर्फाचं वेड कुठून लागलं, हे त्याच्या गावात, आंधळगावात, कोणालाच कळलं नाही. जवाहरनगरच्या कारखान्यात फिटरची नोकरी, क्वार्टरमध्ये बायको आणि दोन मुली; सगळं चारचौघांसारखं. पण जरा सवड मिळाली की तो मोबाइलवर बर्फाच्या उतारांवरून स्कीवर घसरत जाणारी माणसं बघत बसायचा. तीन वर्षं त्याने रजा साठवली. शेवटी हिमाचलातल्या एका वाटाड्याशी बोलणं पक्कं झालं. आधी पाच दिवस खालच्या गावात शिकायचं, मग स्की बांधून चढत जायचं आणि डोंगरातल्या एका लाकडी झोपडीत दोन दिवस राहायचं.

सोबत शाळेपासूनचे दोघे. वरठीला स्टीलच्या कारखान्यात जाणारा मनिष लगेच तयार झाला. टेकचंद मात्र धान पिकवणारा माणूस, नागपूरच्या पलीकडे कधी न गेलेला.

"मी तिथं जाऊन काय करू गा?"

"धानाच्या बांदीतल्या चिखलात घसरतोस ना, तसाच तिथं घसरजो," कैलाश म्हणाला.

टेकचंद खो खो हसला. उन्हाळी धानाच्या रोपांचा रोवणा आटोपला आणि फेब्रुवारीत तोही निघाला.

खाली शिकताना सगळ्यांत आधी तोल साधला तो टेकचंदलाच. पण चढाच्या दिवशी तो मागे पडू लागला. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावल्या होत्या, त्यामुळे पाय मागे घसरत नव्हते. तरी दर दहा पावलांवर तो थांबायचा, खोकायचा. कैलाश वळून म्हणाला, "बरं नाही वाटून राहिलं का?"

"दम लागला जरासा. तू चाल ना."

उंचावरची विरळ हवा बाधली की आधी डोकं दुखतं, म्हणून वाटाड्यानेही विचारलं, "सर में दर्द है क्या?"

"नहीं जी," टेकचंद म्हणाला. कैलाशला ते खरं वाटलं. खरं असावं असंच त्याला वाटत होतं.

चारच्या सुमारास ते झोपडीत पोचले. टेकचंदने चहा अर्धाच घेतला आणि तो भिंतीला टेकून बसला. दारातून समोरचे डोंगर दिसत होते. तो हळूच म्हणाला, "कैल्या, बरं आणलं मले."

सकाळी टेकचंदचे ओठ निळे पडले होते. श्वासात घरघर होती. त्याला पाहताच वाटाड्याचा चेहरा उतरला. "अभी नीचे. अभी के अभी." स्कीचे दोन जोड दोरीने एकत्र बांधून त्यावर त्याला निजवलं आणि तिघे गुडघाभर बर्फातून ओढत निघाले. कैलाश सारखा बोलत होता, "आलंच गा गाव. डोळे उघडे ठेव." खालची देवदारांची रांग दिसायला लागली, तेव्हा टेकचंदचा श्वास थांबला होता. कैलाश तरीही ओढतच राहिला. मनिषने त्याचा हात धरला. "थांब गा. गेला तो."

आंधळगावात तेरवी झाली. टेकचंदच्या बायकोच्या, धुरपताच्या, समोर उभं राहायची कैलाशची हिंमत झाली नाही. महिन्याने तो शेतावर गेला. ती एकटीच धानातलं तण काढत होती.

"वहिनी, मीच नेला त्याले. त्याची तब्येत मले समजाले पाहिजे होती."

धुरपता उठून बांधावर आली.

"चढायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता, भाऊजी. डोकं फुटून राहिलं म्हने. मी म्हटलं, मंग कैलाशभाऊजीले सांगा. तर म्हने, नोको, तीन वर्षं वाट पाहिली त्यानं. मी बिमार आहो म्हटलं तर तो लगेच माघारी फिरन."

"मले नाही सांगितलं त्यानं," कैलाश म्हणाला.

"तुमचा नंबर होता माह्याजवळ," ती म्हणाली. "मी फोन नाही केला. वाटलं, दोन मित्रांच्या मधात मी कायले पडू?"

"तुम्हाले काय माहीत होतं, वहिनी?"

"तुम्हाले तरी काय माहीत होतं?"

दोघांनीही एकमेकांना मोकळं केलं. स्वतःला मात्र कोणालाच करता आलं नाही.

मे महिन्यात धान कापायला कैलाश आणि मनिष दोघेही आले. दुपारी झाडाखाली जेवताना धुरपताने विचारलं, "कसं होतं जी तिथं वर? सांगा ना मले सगळं."

कैलाशने आगगाडीपासून सुरुवात केली. चढापर्यंत त्याला सांगता आलं. पुढचं मनिषने सांगितलं.