डोलीवाल्याचा खांदा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं.

जुन्नरच्या एका दवाखान्यात मी ईसीजी काढायचो. तो आमचा पेशंट, लेण्याद्रीला डोली वाहायचा. पायऱ्यांवर घाबरलेल्या म्हाताऱ्यांना म्हणायचा, "आजी, खाली बघू नगा. ते मी बघतो." बीपीची गोळी मात्र आठवली तरच घ्यायचा.

एकदा त्याच्या ईसीजीत थोडा फरक दिसला. डॉक्टर मला म्हणाले, "किरकोळ आहे, बीपीवाल्यांत दिसतो असा. गोळी रोज घ्यायला सांग, सहा महिन्यांनी परत काढू. प्रेशर उतरलं की डोली उचलू दे."

भीती घातल्याशिवाय हा गोळी घेणार नाही, असं मला वाटलं. मी सांगितलं, "हार्टमध्ये फरक आहे. गोळी रोज घे आणि ओझं कायमचं बंद."

त्यानं खरंच डोली सोडली. परत ईसीजीलाही आला नाही. पायथ्याशी लोकांच्या चपला सांभाळत बसायचा. कुणाची डोली वर निघाली, की त्याचा उजवा खांदा आपोआप उचलला जायचा.

दोनेक वर्षांनी धीर करून मी त्याला खरं सांगायला तिथं गेलो. माझा हात धरून तो शेजारच्याला म्हणाला, "ह्या भाऊंनी सांगितलं म्हणून जगलो राव, नायतर पायरीवरच गेलो असतो."

तेवढ्यात एक डोली निघाली. त्याचा खांदा हलला. मी चपला त्याच्यापुढे काढल्या आणि चढायला लागलो.

आता तो नाही. "तुला डोली उचलता आली असती, चूक माझी," हे मी त्या दिवशी म्हटलं. पण वर पोचल्यावर, एकट्यानं.