दापोड्यात गाडी खाली बसवताना

शनिवारी सकाळी पुण्याहून निघताना मला खात्रीने एवढेच ठाऊक होते की मी चालवते ती गाडी प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूला कलते आणि तिच्याबरोबर माझा वेळही वाया जातो. गाडी मामांची. एका परदेशी वकिलातीने विकायला काढलेली, दोन दारांची, लाल, स्टिअरिंग डाव्या हाताला असलेली स्पोर्ट्‌स कार. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर निवडचाचणी होती. पहिल्या तिघांना शर्यतीच्या संघात जागा मिळणार होती. मला ती जागा हवी होती आणि ही गोष्ट मी कोणापासून लपवली नव्हती.

पदार्थविज्ञान शिकलेल्या मुलीला उपाय उघड दिसत होता : गाडीचा गुरुत्वमध्य खाली आणायचा, म्हणजेच सस्पेन्शन (चाकांवरच्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर) आखूड करायचे. पुण्यात तसे सस्पेन्शन मिळेना. भिवंडीत मिळेल, असे फोनवर कळले. कापडाच्या गावात स्पोर्ट्‌स कारचे सामान कशासाठी असावे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

भिवंडीची पहिली ओळख कानांना होते. शिळफाटा, कल्याण, खाडीवरचा पूल आणि कंटेनरची न संपणारी रांग पार करून मी निजामपुरा मोहल्ल्याच्या तोंडाशी आले, तेव्हा गल्ल्यांमधून यंत्रमागांची खटखट एखाद्या मोठ्या घड्याळासारखी ऐकू येत होती. गल्ली अरुंद होती, म्हणून गाडी नाक्यावर ठेवून रिक्षा केली.

“गाडीचं सामान?” रिक्षावाला आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला. “म्हणजे सुताच्या दुकानात जायचंय.”

यात ‘म्हणजे’ कुठून आले ते मला समजले नाही. पण तो बरोबर होता. खाली सुताचे दुकान होते आणि वरच्या माळ्यावर, सुताच्या गोण्यांच्या मागे, परदेशातून कंटेनरने आलेले जुने शॉकॲब्सॉर्बर रचून ठेवले होते. दुकानदाराने माझ्या गाडीला बसतील असे दोन संच पुढे ठेवले. पहिला तांबड्या, आखूड, कडक स्प्रिंगांचा. दुसऱ्याच्या अंगावर स्क्रूसारखे आटे होते आणि आट्यांवरचे कडे फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येत होती.

“मॅडम, ये लाल वाला लो. गाडी एकदम जमीन चाटेगी.”

“मला ती जमीन चाटायला नकोय. वळणावर जमीन धरून ठेवायला हवीय.”

“फिर दूसरा लो,” तो शांतपणे म्हणाला. “लेकिन दिखने में वो बात नहीं.”

मी आट्यांचा संच घेतला. त्या दिवसात मला पूर्णपणे समजलेली ही शेवटची गोष्ट.

बसवण्याचे काम भिवंडीबाहेरच्या दापोड्यात होईल, असे दुकानदाराने सांगितले. मुंबई-नाशिक रस्त्याला लागून गोदामांची शटरे सुरू होतात आणि दृष्टी पोहोचेल तिथवर संपत नाहीत. त्यांतल्या एका आवारात ट्रकचे पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांची थप्पी) बसवणारे इस्माईलभाई काम करत. आवार मंदावहिनींच्या घरचे. हिरवे पातळ, केसांत अबोलीचा गजरा आणि कमरेला शटरांच्या किल्ल्यांचा जुडगा अशा त्या दारातच उभ्या होत्या.

“हितं आमची भातशेती व्हती,” त्यांनी हात फिरवून दाखवले. “आता शटर पिकतान. तू गो कुठली? एवढी लांब एकटी आलीस?”

मामांच्या सीटना ग्रीस लागू नये म्हणून मी घरून आणलेली चादर दोन्ही सीटांवरून पुढे स्टिअरिंग झाकेपर्यंत अंथरली, चारही चाकांपाशी हवी असलेली उंची इस्माईलभाईंना खडूने जमिनीवर लिहून दिली आणि तिथेच उभी राहिले. पण वहिनींना ते मान्य नव्हते.

“बघत उभी राहिलीस म्हणून काय काम लवकर व्हनार हाय? जेवाला चल.”

तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी (जवळा म्हणजे बारीक कोळंबी) आणि खाडीतल्या निवट्यांचे कालवण. मी निवटी पहिल्यांदाच खाल्ली. चिखलावर उड्या मारणारा हा मासा आहे असे वहिनींनी मला दुसरी वाटी संपल्यावर सांगितले.

परत आले तेव्हा गाडी चाकांवर उभी होती, खाली बसली होती आणि देखणी दिसत होती. मी पट्टी लावली. उजवी बाजू डावीपेक्षा सरळसरळ उंच होती. पुन्हा मोजले. तेच.

पहिला संशय जमिनीवर. गाडी ढकलून उलट्या तोंडाने उभी केली. जमीन उतरती असती तर कल जागेवर राहिला असता. तो गाडीबरोबर फिरला. दुसरा संशय टायरच्या हवेवर. हवा सारखी होती. तिसरा स्प्रिंगांवर, पण डाव्या-उजव्या जोड्यांची लांबी मी दुकानात स्वतः ताडून पाहिली होती. मी गाडीत बसून वहिनींना पट्टी धरायला सांगितली, तर फरक कमी होण्याऐवजी वाढला. माझ्या गणितात असे व्हायला जागा नव्हती. उद्या ही गाडी एका वळणावर ठीक जाईल आणि दुसऱ्यावर मला बाहेर फेकेल, एवढे मात्र कळत होते.

“इस्माईलभाई, तुम्ही उजवीकडचं कडं जास्त चढवलंत?”

“चढ़ाया ना! थोड़ा चढ़ाना पड़ता है. ड्राइवर का वजन.”

“कोण ड्रायव्हर?”

त्यांनी भिंतीला टेकलेल्या सुताच्या गोणीकडे बोट दाखवले. “ये. बिठाके नाप लिया. खाली गाड़ी का नाप कौन लेता है? ट्रक में भी ऐसाच करते हैं.”

“कुठे बसवलंत याला?”

इस्माईलभाई माझ्याकडे दयेने पाहत उजव्या दारापाशी गेले, दार उघडले आणि ड्रायव्हरच्या जागेकडे हात केला. मग मी चादर ओढली. तिथे स्टिअरिंग नव्हते.

आधी वहिनींना हसू फुटले. मग शेजारच्या गोदामाचे हमालसुद्धा हसू लागले.

“इस्माईल,” वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, “तुजा डायवर क्लीनरच्या सीटवर बसला नं रं!”

“उम्र गई वहिनी, ड्राइवर को इधर बिठाते बिठाते,” ते म्हणाले; पण हसले तेही.

आता मी कोणती चूक दुरुस्त करणार होते? गोणी चुकीच्या जागी होती, हे खरे. पण मी तर रिकाम्या गाडीची उंची लिहून दिली होती आणि चाचणीत गाडी रिकामी धावणार नव्हती. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून न जुळणारे दोन अर्धे हिशेब एकत्र केले होते. बरे, मापे मला स्वतः घ्यायची होती आणि त्याच वेळी मला सीटवरही बसायचे होते. हे कसे जमावे?

“मी बसतंय,” वहिनी म्हणाल्या. “मी काय गोणीपेक्षा वाईट हाय?”

गोदामाच्या वजनकाट्यावर आधी मी उभी राहिले, मग त्या. सगळे हमाल काम सोडून आले होते. वहिनी माझ्यापेक्षा हलक्या भरल्या आणि त्याचा त्यांना इतका आनंद झाला की काटेवाल्याला त्यांनी आकडा मोठ्याने पुन्हा वाचायला लावला. उरलेला फरक भरून काढायला त्यांच्या मांडीवर सुताचे कोन (पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेले सूत) ठेवले. डाव्या सीटवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मांडीवर पांढऱ्या कोनांची रास, अशा त्या फोटोला बसल्यासारख्या ताठ बसून राहिल्या. इस्माईलभाई आट्यांवरचे कडे फिरवत, मी मोजत असे. ते पुन्हा फिरवत, मी पुन्हा मोजत असे. अखेर चारही मापे जुळली.

“आता मना फिरवून आन,” वहिनी उतरल्या आणि दुसऱ्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. “वज्रेश्वरीच्या रस्त्याला वळनं हायत. देवीला हात पन जोडू.”

मी समजावले की आता गाडी एका माणसाच्या हिशेबाने लावली आहे, दोघी बसलो तर ती बिघडेल.

“मी बसले त म्हनं गाडी बिघडल!” असे म्हणून त्या बसल्या.

गाव मागे पडले, शेते लागली, पुढे टेकड्यांमधून रस्ता वळू लागला. पहिल्या वळणाआधी मी सवयीने वेग उतरवला.

“बिरेक कशाला मारतंस गो? समोर म्हस बी न्हाय.”

पुढच्या वळणाला मी ब्रेक लावला नाही. गाडी कललीच नाही. ती रस्त्याला चिकटून वळली. “अजून एकदा,” वहिनी म्हणाल्या. आम्ही मागे फिरून तेच वळण घेतले, मग पुन्हा घेतले. माझ्या हिशेबाप्रमाणे गाडी तेव्हा सर्वांत वाईट वळायला हवी होती आणि ती पूर्वी कधीच वळली नव्हती इतकी सुंदर वळत होती. वज्रेश्वरीच्या पायऱ्यांपाशी मी गाडीखाली वाकून पाहिले. काही उलगडले नाही. वहिनींनी देवीचा अंगारा माझ्या कपाळाला लावला आणि उरलेला बॉनेटला.

संध्याकाळी मी एकटीच पुण्याकडे निघाले. गतिरोधकांवर गाडी तिरकी चढवत, खड्डे चुकवत, शेजारची सीट रिकामी ठेवून. गाडी चांगलीच चालत होती. त्या वळणांवर होती तितकी चांगली की नाही, हे मी घरापर्यंत ठरवत राहिले.

रविवारी मी तिसरी आले. संघात जागा मिळाली.

प्रयोगशाळेत आम्हाला शिकवले होते की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर परिणाम कशाचा ते कळत नाही. मी दापोड्याला गेले तेव्हा एकच गोष्ट बदलायला गेले होते. तिथून परतले तेव्हा उंची बदलली होती आणि वळणाआधी ब्रेककडे जाणारा माझा पायही बदलला होता. माझ्या जागेचे श्रेय आट्यांना द्यावे की त्या म्हशीला, जी रस्त्यावर नव्हतीच? मी अजून ठरवू शकलेले नाही.

गाडी आमच्या इमारतीखाली उभी असते. रिकामी असली की ती डावीकडून किंचित उंच दिसते आणि वॉचमन दर दोन दिवसांनी काळजीने सांगतो, “ताई, गाडी वाकडी झालीय. दाखवून घ्या कुणाला तरी.”

“वाकडी नाही काका,” मी किल्ली लावत म्हणते. “मी बसले की सरळ होते.”